वेड म्हणे! मला उसाचा रस पाजला होता

मी आता बरी आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या डोळ्यांत बघतो, मग हातांकडं बघतो, आणि मग खुर्ची थोडी पुढं सरकवतो. "आता कसं वाटून राहिलं, ताई?" हे इतक्या हळू विचारतात की जणू जोरात बोललं तर मी चावेन. एकदा चावले होते, ते खरं आहे. तेही सांगणार आहे.

लातूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "जरा शांत झाल्यावर लिहा, लोकांच्या उपयोगी पडेल." मी शांत व्हायची वाट बघितली तर हे लिहून होणार नाही. माझा स्वभाव मुळातच तापट. मी एसटीत कंडक्टर आहे. देगलूर–नांदेड, देगलूर–उदगीर–लातूर, अशा गाड्या केल्यात. बाजाराच्या दिवशी मागच्या दारातून पुढच्या सीटपर्यंत आवाज पोचवायचा तर माणूस मवाळ राहत नाही. तेव्हा हे रागातच वाचा.

घरात आम्ही चौघं. प्रज्ञाचे पप्पा, म्हणजे माझे मालक अशोक, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. माणूस गरीब स्वभावाचा, फक्त एक खोड आहे: जो शेवटी बोलला त्याचं त्यांना पटतं. सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. आणि प्रज्ञा, पहिलीत. हिच्यासाठीच सगळी लढाई झाली.

*

माझ्या तोंडाला लहानपणापासून गोड चालत नाही. आवडत नाही असं नाही, चालत नाही. पंधरा ऑगस्टची जिलेबी मी बाजूच्या पोरीला देऊन टाकायची. बुद्धपौर्णिमेला वस्तीत खीर वाटायचे, तर दोन चमचे पोटात गेले की डोकं जड व्हायचं आणि भिंतीला टेकून झोप लागायची. भातही तसाच. माझी माय हिमायतनगरकडच्या खेड्यात मजुरी करायची, घरात जे असेल ते खावं लागायचं, तरी ताटातला भात मी भावाच्या ताटात लोटायची आणि शेंगा खायची. उकडलेल्या, भाजलेल्या, कच्च्या. हरभरा, तुरीच्या ओल्या शेंगा, अंडी, वाळलेली मासळी. "मागच्या जन्मी खारुताई व्हतीस का गं?" माय म्हणायची.

नोकरीला लागल्यावरही तेच. पैशाची कातडी बॅग एका खांद्याला आणि शेंगदाण्याची पिशवी दुसऱ्या. ड्रायव्हर लोक चिडवायचे. प्रवासी मागायचे. मी द्यायची.

लग्नानंतर मात्र हा गुन्हा झाला. नवी सून तोंड गोड करत नाही म्हणजे काय! बारशात, वास्तुशांतीत, कुणाच्या पोराला मार्क पडले तर, कुणाला नोकरी लागली तर, देगलुरात प्रत्येक आनंद साखरेत बुडवूनच हातावर ठेवतात. मी नको म्हणायची. आत्याबाई चारचौघांत म्हणायच्या, "जिला गोड चालंना तिचं मनबी गोड नसतंय." मी ऐकून घ्यायची. आता वाटतं, तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं.

*

नोकरीतल्या तपासणीत सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर थोडी चरबी आहे, सूज आहे, तेलकट कमी करा, पुन्हा दाखवा. मी काडीसारखी बारीक, माझ्या लिव्हरवर चरबी कुठून आली, असं मी विचारलं. ते म्हणाले, येते कधी कधी. एवढंच बोलणं.

मी घरी येऊन हे सांगितलं आणि माझ्या घराला कावीळ झाली. हो, घरालाच. मला नव्हती.

लिव्हर म्हटलं की आमच्याकडं कावीळ, आणि कावीळ म्हटलं की पथ्य. ते कुणाला विचारावं लागत नाही, सगळ्यांना पाठ असतं. तेल बंद. फोडणी बंद. अंडं, मटण, मासळी बंद. शेंगदाणा तर पहिल्यांदा बंद, कारण त्यात तेल. आणि सुरू काय? उसाचा रस. सकाळी एक ग्लास, दुपारी एक, संध्याकाळी एक. मध्ये ग्लुकोजची पावडर पाण्यात. मऊ भात, वर साखर. खडीसाखर चघळायला. लिव्हरला थंडावा.

"आत्याबाई, माझे डोळे पिवळे नाहीत," मी म्हणाले.

"आतून पिवळी असती. बाहीर आल्यावर मग काय उपेग?"

मुखेडच्या बाजूला एक माणूस कावीळ उतरवतो, त्याच्याकडून त्यांनी मुळीची माळही आणली. मी म्हणाले, आपण असलं मानत नाही ना? बाबासाहेबांचा फोटो समोर आहे. त्या म्हणाल्या, "आपुन अंगारे-धुपारे मानत न्हाई. ही औषधी हाय. झाडाची हाय."

रस आणायचं काम अशोक करायचे. बसस्टँडसमोरच्या रसवंतीतून स्टीलची किटली भरून आणायचे, बर्फ न घालता, आलं-लिंबू घालून. प्रेमानं आणायचे. मी तोंड फिरवलं की म्हणायचे, "प्रज्ञासाठी तरी घे." प्रज्ञासाठी मी नाक दाबून प्यायले. शेंगदाण्याचा डबा आत्याबाईंनी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मी नोकरीवर घेऊन खाल्ले तर ड्रायव्हरला फोन करून विचारलं, "ती शेंगा खाती का?" मी चोर ठरले. आणि खरंच चोरल्यासारखे खायला लागले. मग तेही सोडलं, कारण घरात रोजची कटकट नको.

माझं शरीर आयुष्यभर ओरडून सांगत होतं ते आमच्या घरानं प्रेमानं बंद केलं. याचा राग अजून गेलेला नाही.

*

पुढचं सगळं मला आठवत नाही. काही मी सांगते, काही माय सांगते, काही आमचे ड्रायव्हर रामभाऊ सांगतात.

आधी दुपारची झोप आली. भात खाल्ला की डोळे मिटायचे, गाडीतसुद्धा. मग हात थरथरायला लागले. मग चिडचिड. मग एक दिवस नरसीच्या पुढं मी तिकीट काढलेल्या लोकांकडं पुन्हा तिकीट मागायला लागले. एका म्हाताऱ्यानं तिकीट दाखवलं तर मी ते फाडून टाकलं. रामभाऊंनी गाडी कडेला घेतली. मी इंजिनाच्या बाजूला खाली बसले होते आणि त्यांना विचारत होते, "भाऊ, ही गाडी कुठून निघाली?" आपण दोघांनीच सकाळी देगलुरातून काढली, असं ते म्हणाले. मी म्हणाले, खोटं बोलू नका.

घरी रजेवर बसले आणि तिथं तर जास्तच. रजा म्हणजे आराम, आराम म्हणजे जास्त रस. मी प्रज्ञाच्या वेण्या घालता घालता अर्ध्यात उठून जायची. तिला तिच्या आत्याच्या नावानं हाक मारायची. आणि एक दिवस मी किटली भिंतीवर फेकली आणि ओरडले, "यात विष आहे! मला मारायला बघताय तुम्ही!"

आत्याबाईंनी मला धरायला हात पुढं केला. मी हाताला चावले. रक्त आलं.

शेजारीपाजारी जमा झाले. मला नांदेडला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांना सांगण्यात आलं: सुनेला संशय येतो, अन्नात विष घातलंय म्हणते, सासूच्या अंगावर जाते. हे त्यांच्या पुस्तकात वेडाचं ठरलेलं लक्षण आहे म्हणे. असेल. पण एवढं लक्षात घ्या की त्या सगळ्या काळात, बाकीचं सगळं बरळत असताना, ही एक गोष्ट मी खरी बोलत होते.

*

नांदेडचा दवाखाना खाजगी होता. नाव लिहीत नाही, कारण भांडण एका दवाखान्याशी नाही. मनोरुग्णांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. खिडक्यांना जाळी. सकाळी चहा-बिस्कीट, मग गोळी, मग झोप, मग भात-वरण, मग झोप. मी जेवेना म्हणून सलाईन. कुठलं? साखरेचं. आमच्या भागात माणूस दवाखान्यात गेला की पहिल्यांदा सलाईन मागतो, "एक बाटली लावा, ताकद येती." अशोकनीही मागितलं. ते थेंब थेंब माझ्या शिरेत जात होतं आणि मी थेंब थेंब बुडत होते. मी सुई उपटली, तर हात पलंगाला पट्टीनं बांधले. मनगटावर अजून वळ आहे. तिकीट देताना लोकांना दिसतो.

माय हिमायतनगरहून आली. तिनं बघितलं आणि पहिली गोष्ट हीच बोलली, "आवं डॉक्टरसाहेब, तिला शेंगा द्या. अंडं द्या. ती भातानं अशी व्हती, ल्हानपनापासून."

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले.

माय बाहेर थांबली. दुसऱ्या दिवशी तेच बोलली, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी नर्सनं अशोकना सांगितलं की म्हातारीला आवरा. अशोकना पटलं. त्यांनी मायला आवरलं.

डॉक्टरांनी अशोकना विचारलं, घराण्यात कुणाला मानसिक आजार आहे का? नाही. नवरा-बायकोत भांडणं? नाही. मग आवाज कमी करून, "कंडक्टर आहेत ना... दारू वगैरे?" लिव्हरचे आकडे बिघडलेले, म्हणून विचारलं, ठीक आहे. पण 'कंडक्टर आहेत ना' कशाला? मास्तर असते तर तसं विचारलं असतं? अशोक तेव्हाही "नाही" म्हणाले, पण क्षणभर थांबून म्हणाले. मायनं ते दारातून ऐकलं आणि तिनं मला ते बरी झाल्यावर सांगितलं. सांगायला नको होतं, पण तिलाही राग आहे.

माझ्या शेजारच्या पलंगावर मंगल होती. किनवटकडची. तिला आवाज ऐकू यायचे, वर्षानुवर्षं. औषध घेतलं की ती चांगली असायची, चांगली म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणी. माझे हात बांधले की ती माझ्या नाकावरची माशी हाकलायची. तिला दोन मुलं. सासरच्यांनी ठेवून घेतली होती आणि तिला माहेरी पाठवलं होतं. "येड्या बाईकडं पोरं ठिवत न्हाईत म्हणे," ती सांगायची, जसं कुणी आज पाऊस नाही म्हणे असं सांगतं.

मला वाटलं, ही तिची गोष्ट आहे. तेवढ्यात माझ्याच पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून अशोकचे काका, नाना, अशोकना समजावत होते. मी डोळे मिटून पडलेली, म्हणजे त्यांच्या लेखी मी तिथं नव्हतेच.

"प्रज्ञाला आमच्याकडं राहू दे. माहेरचे लोक आले की फारकतीचं बोलून घेऊ. कोर्टातबी वेडाचं कारन चालतंय."

मला जीभ उचलता येत नव्हती. कानात मात्र शब्दन् शब्द गेला. रोग्याला ऐकू येत नाही असं समजून त्याच्या डोक्याशी बोलणाऱ्या सगळ्यांना मला सांगायचं आहे: ऐकू येतं. आणि राहतं.

*

एका सकाळी मी उठलेच नाही. हाका मारल्या, चिमटे काढले, नाही. नांदेडच्याच दुसऱ्या एका डॉक्टरनं बघितलं आणि लातूरला न्या म्हणाला, तिथं मेंदूचे चांगले आहेत. ॲम्ब्युलन्समध्ये माय होती. लोह्याच्या पुढं खड्ड्यात गाडी आदळली की ती माझं डोकं मांडीवर दाबून धरायची.

लातुरात पहिल्याच दिवशी रक्तातला अमोनिया तपासला. भरपूर वाढलेला. अमोनिया म्हणजे काय ते सांगायला पुस्तक नको. कुठल्याही सार्वजनिक मुतारीत जो नाकात चढतो तोच. तो माझ्या रक्तातून मेंदूत गेला होता. एवढे दिवस ज्याला वेड म्हणत होते ते हे होतं.

तुम्हाला वाटलं असेल की सुटले. नाही. अजून एक वळण होतं. अमोनिया वाढला की डॉक्टर आधी प्रथिनं बंद करतात, कारण अमोनिया प्रथिनांतून येतो. बहुतेक रोग्यांना ते बरोबरही असतं. म्हणून माझं वरणही बंद झालं. नळीतून साबुदाण्याची पेज, साखरेचं पाणी. शिरेतून पुन्हा ग्लुकोज. अमोनिया उतरायच्या ऐवजी चढला. फिटचा झटका आला.

तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टर मॅडम, ज्या अजून शिकत होत्या, मायजवळ येऊन बसल्या. त्यांना काही कळेना म्हणून बसल्या, असं त्या नंतर स्वतःच म्हणाल्या. दारू नाही, कावीळ नाही, बाई बारीक, आणि लिव्हरवर चरबी. त्यांनी मायला विचारलं, "मावशी, हिला खायला काय आवडतं?"

मायला वाटलं, मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा विचारतात तसं विचारतेय. तिनं गळा काढला. मग रडत रडत शेंगा, अंडी, हरभरे, मासळी, सगळं सांगितलं. भातानं कशी गुंगायची, खिरीनं कशी झोपायची. घरात तीन महिने रस कसा पाजला. मॅडमनी तिला मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर उठल्या आणि मोठ्या सरांना फोन लावला. त्या फोनवर बोलत असतानाच नर्सला त्यांनी हातानं खूण केली: ग्लुकोज बंद करा.

एवढंच. एका बाईनं माझ्या आईला विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं. ते नांदेडला पहिल्या दिवशी झालं असतं तर माझ्या मनगटावर वळ नसता.

रक्त हैदराबादला गेलं. अमिनो आम्लांची तपासणी. त्यातलं सिट्रुलिन नावाचं एक अमिनो आम्ल माझ्या रक्तात साचलं होतं. नंतर जनुकांचीही तपासणी झाली. जन्मापासूनचा दोष. माझ्या बाबांनी मामाची मुलगी केली होती, आमच्याकडं ती रीतच, आणि दोघांकडूनही तोच दोष माझ्या वाट्याला आला होता.

मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. आपण डाळ, अंडं खातो त्याची अमिनो आम्लं होतात. त्यातला जो कचरा उरतो तो अमोनिया, लिव्हर त्याचं युरिया करून लघवीतून बाहेर टाकतं. त्या कामाला ॲस्पार्टेट नावाचं अमिनो आम्ल लागतं, आणि ते पेशीत योग्य जागी पोचवणारं एक वाहन असतं. माझ्याकडं ते वाहन नाही. "म्हणजे प्रवासी स्टँडवर आणि गाडीच लागलेली नाही," मी म्हणाले. त्या हसल्या. साखर आणि भात जास्त झाले की हे काम आणखी तुंबतं, प्रथिनं आणि तेल असलं की कसंबसं चालतं. म्हणून माझं शरीर स्वतःच गोडापासून पळत होतं. माझ्या जिभेला ते आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

शुद्धीवर येऊन मी पहिल्यांदा काय खाल्लं असेल? उकडलेलं अंडं, आणि मायनं पदरातून काढलेली शेंगदाण्याची चटणी. लाल, लसणाची, तेल सुटलेली. जिभेवर टेकवली आणि मी रडले. मग हळूहळू माणसं ओळखू यायला लागली. वॉर्डातल्या घड्याळात वाजलेत किती ते कळलं. हात थांबले. दिवस लागले, एकदम काही झालं नाही, एक औषधही रोज घ्यावं लागतं, पुढं कधी लिव्हर बदलावं लागेल का तेही माहीत नाही. पण माझी मी परत आले.

*

इथं एक गोष्ट हात जोडून सांगते, आणि हात जोडणं माझ्या स्वभावात नाही. हे वाचून कुणी आपल्या घरातल्या मनोरुग्णाच्या गोळ्या फेकून त्याला शेंगदाणे चारू नका. माझा आजार विरळा आहे. अमोनिया वाढणारे दुसरे आजार आहेत, त्यांत माझ्या बरोबर उलटं पथ्य असतं. त्यांना शेंगदाणे विष. मंगलला तिच्याच गोळ्यांनी बरं वाटतं. मी एवढंच म्हणते की अचानक बदललेल्या माणसाला वेडा म्हणून मोकळं होण्याआधी रक्तातला अमोनिया बघा म्हणावं डॉक्टरांना. विचारायला लाजू नका. आणि त्याच्या आईला बाहेर थांबवू नका.

*

आता घरचं. दवाखान्यातून सुटल्यावर मी लातुरातच मायसोबत एक खोली घेऊन राहिले, तपासणीला जवळ म्हणून. अशोक दर रविवारी यायचे. एका रविवारी दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "रस मीच आणायचो." मी म्हणाले, "हो." मला त्यांची समजूत काढायची नव्हती. चहा दिला. माझा बिनसाखरेचा, त्यांचा साखरेचा.

प्रज्ञाला आणत नव्हते. "आई म्हणते, आधी रिपोर्ट येऊ दे." प्रज्ञाला सांगितलं होतं की आई लांबच्या गाडीवर ड्युटीला गेलीय. पहिलीतल्या पोरीला कळत नाही का, कुठली गाडी इतके महिने परत येत नाही? फोनवर ती मला विचारायची, "आई, तू कुठल्या गावात हायस?" आणि मागून कुणीतरी फोन काढून घ्यायचं. मी इकडं भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं. जोरात रडताही येत नव्हतं. मी रडले असते तर लोक म्हणाले असते, बघा.

हे फार अवघड असतं. ज्याच्यावर एकदा शिक्का बसला त्याला रागावायचीही सोय राहत नाही. मी आवाज चढवला की अशोक माझ्या डोळ्यांत बघायचे. माझा राग हा राग राहिला नव्हता, लक्षण झाला होता. मी देगलूर स्टँडवर आयुष्यभर ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात बोलायचे, आणि ते मॅडमना फोन लावायचे. शेवटी मॅडमच त्यांना म्हणाल्या, "सर, त्या आजारी नाहीत. त्या तुमच्यावर चिडल्यात."

*

हैदराबादहून जनुकांचाही रिपोर्ट आला आणि नानांनी देगलूरच्या घरी बैठक बोलावली. माहेरकडून माय आणि माझा भाऊ. सासरकडून नाना, आत्याबाई, अशोक, आणखी दोन वडीलधारे. प्रज्ञाला आतल्या खोलीत बसवलेलं. दार लोटलेलं, पण फटीतून तिचा फ्रॉक दिसत होता.

अशोकनी रिपोर्ट समजावून सांगितला, वर्गात सांगतात तसा. चांगला सांगितला. लिव्हर, अमिनो आम्लं, अमोनिया. नाना मान हलवत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजे वेड न्हाईच! रक्ताचा दोष हाय. मग काय बोलायचं ऱ्हायलं? पोरगी आईकडं जाऊ द्या. फारकत-बिरकत काई न्हाई. जयभीम करा, समदं मिटलं."

सगळे हसले. मायनं डोळे पुसले. आणि आतून बॉक्स आला, पेढ्यांचा. नानांनी स्वतः उचलून एक माझ्यापुढं धरला.

"घे पोरी, तोंड गोड कर."

मला वाटलं, गंमत करताहेत. नव्हते. आत्ताच पाऊण तास हे सगळं ऐकून झालं होतं. मी म्हणाले, "नाना, मला चालत नाही."

"आगं येका पेढ्यानं काय व्हतंय? शकुनाचा हाय."

माझा भाऊ म्हणाला, "घे की ताई, तोडून घे जरा." माझा सख्खा भाऊ.

मी पेढा हातात घेतला आणि सतरंजीवर ठेवला. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. आवाज चढवला नाही. मुद्दाम नाही चढवला.

"नाना, रिपोर्टात काही निघालं नसतं, आणि मला खरंच वेड असतं तर?"

"आता ते कशाला? न्हाई ना."

"नाही. पण असतं तर? गोळ्या घेऊन मी बरी राहिले असते, नोकरी केली असती, तिच्या वेण्या घातल्या असत्या. तर प्रज्ञा मला दिली असती का?"

नानांनी अशोककडं बघितलं. अशोकनी जमिनीकडं. मायनं माझा पदर ओढला, "मिळून ऱ्हायली ना पोरगी, गप बस."

"मी विचारून राहिले," मी म्हणाले. "मला कुणीतरी सांगा."

आत्याबाई बोलल्या. त्यांच्या हातावर माझ्या दातांची खूण आहे, ती त्या दुसऱ्या हातानं चोळत होत्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "नसती दिली."

इतक्या महिन्यांत त्या घरात मला मिळालेलं ते पहिलं सरळ उत्तर. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. खोटं बोलल्या असत्या तर मी कदाचित तिथंच राहिले असते.

मी उठले आणि आतलं दार ढकललं. प्रज्ञा दप्तर पाठीवर लावून उभी होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, सगळे बघतात तसं. मी तिला बघू दिलं.

"नाना, तुम्ही दिली म्हणून मी हिला नेत नाही," मी बाहेर येऊन म्हणाले. "मी हिची आई आहे म्हणून नेते. उद्या मला खरंच वेड लागलं तरी हिला परत मागायला येऊ नका."

अशोक मागोमाग दारापर्यंत आले. "मीबी येऊ का?" त्यांनी विचारलं.

"ते आईला विचारू नका, नानांना विचारू नका, मलाही विचारू नका," मी म्हणाले. "तुम्ही ठरवा."

लातूरची गाडी लागलेली होती. आम्ही दोघी चढलो.